वडाच्या कामाची जोडी

मौलालीने दारातल्या लिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत दोर ताणून बांधला होता आणि डोळे मिटून तो त्यावरून हात फिरवत चालला होता. मधेच थांबायचा, अंगठ्यांनी पीळ उकलून आतल्या वाखाचा वास घ्यायचा, पीळ पुन्हा बसवून पुढे सरकायचा. ओला राहून आतून कुजलेला दोर वरून साजरा दिसतो, पण नाकाला फसवत नाही, असं त्याचं म्हणणं.

नजीरा उंबऱ्यात बसून त्याला वर्तमानपत्रातली विलायतेकडच्या लढाईची बातमी वाचून दाखवत होती. त्याची ही थोरली मुलगी कोल्हापुरात मावशीकडे राहून शिकली होती. मिरजेला दिली, प्लेगात नवरा गेला, तशी माघारी आली आणि गावातल्या मुलींना शिकवू लागली. हाताला लागेल ते वाचायची. मौलालीला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी.

"थांब जरा," तो म्हणाला. "ह्या तोफा तिकडं कशानं वडत्यात म्हणं?"

"घोड्यांनी. आता मोटारीनं पण."

"घोडं भिणार की आवाजाला."

"शिकवलेले असतात, बाबा."

"मग झ्याक." तो पुन्हा दोराकडे वळला.

मौलालीचं घर झाडं छाटणारं. झाड आडवं करणारे गावोगाव होते. उभं झाड राखून त्याची नेमकी फांदी उतरवणारा मात्र आसपास तो एकटाच. कौलावर आलेला फणस असो, विहिरीवर वाकलेली जांभळ असो, माणसं त्याला बोलवायला यायची. त्याची रीत ठरलेली. फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडायचा आणि खालच्या टोकाला रेडे जुंपायचे. रेड्यांनी दोर ताणून धरला की वर फांदी कापायची. ती सुटली की सगळा भार जुवावर. मग खालचा गडी रेड्यांना एकेक पाऊल मागे घेतो आणि पाळण्यातलं पोर उचलून ठेवावं तशी फांदी भुईला टेकते. रेड्याला घाई नसते. आभाळ कोसळलं तरी तो रवंथ सोडत नाही.

ती रेड्यांची जोडी गेल्या पावसाळ्यात बुळकांड्याच्या साथीत मेली. आणि नेमकं आताच काम आलं होतं. गगनबावड्याच्या रस्त्याने मोटारी जाऊ लागल्या होत्या, कडेच्या वडांच्या फांद्या रस्त्यावर लवल्या होत्या, आणि पावसाच्या आत त्या काढायच्या होत्या. गावचे जमीनदार हंबीरराव यांनी रस्त्याच्या साहेबाकडे शब्द टाकून काम मौलालीला मिळवून दिलं. अट एकच. गाडी, जनावरं घरची पाहिजेत. तोडलेलं लाकूड त्याच दिवशी रस्त्यावरून हललं पाहिजे.

गाडी मौलालीने स्वतः जाऊन निवडली होती. बाभळीची, बुटक्या चाकांची, लाकूड ठेवायच्या रुंद साटीची. दिलदार, त्याचा धाकटा मुलगा, ती बघून तोंड वाकडं करून बसला. त्याला रंगीत चाकांची हलकी गाडी हवी होती.

"गाडी बघावी ती लाकूड चढवताना," मौलाली म्हणाला होता. "रस्त्यानं मिरवताना न्हवं."

दुहाती करवत नवी आणली, दोर वाखाचा नवा वळून घेतला, कमरेचा जुना दोर अजून शाबूत होता. राहिली जनावरं. मौलालीचा पाय मुरगळला होता, म्हणून वडगावच्या बाजाराला दिलदार आणि आकाराम गेले होते. आकाराम हा मौलालीचा वीस-पंचवीस वर्षांचा जोडीदार; मौलाली वर असला की तो खाली.

"आज येतील न्हवं?" आतून अमीरबीने विचारलं. ती ज्वारी पाखडत होती.

"दिस कलायच्या आत येतील. रेडं काय पळत येणार हायत?"

पण आले ते पळतच. आधी घुंगरांचा आवाज आला, मग गल्लीतली पोरं, मग धुळीत दोन पांढरेशुभ्र बैल. सडपातळ पाय, मागे वळलेली शिंगं, नाकपुड्या फुललेल्या. दिलदार कासरा धरून जवळजवळ ओढला जात होता. मागून घोड्यावर हंबीरराव. बघता बघता अंगण माणसांनी भरलं.

मौलालीने दोर सोडला आणि आकारामकडे बघितलं. "रेडं कुठायत?"

"व्हतं की बाजारात," आकाराम भुईकडे बघत म्हणाला. "चांगली जोड व्हती. बसकी. रुंद छातीची."

"मग?"

"मग काय इचारता बाबा," दिलदार म्हणाला. "ही बघा की. दोन शर्यती मारल्यात हिनं. आसुडाचा आवाज आला की वाऱ्याच्या पुढं."

"आपल्याला वडाच्या फांदीसंगं शर्यत लावायची हाय व्हय?"

माणसं हसली. दिलदारचे कान लाल झाले.

हंबीरराव घोड्यावरूनच म्हणाले, "मौलाली, मीच म्हणालो त्याला, घे. आरं, यमाचं वाहन दारात बांधून झाडावर चढायचं? शोभतंय का?"

"आमच्यात यम न्हाई, मालक."

आता हंबीररावही हसले. मौलालीही हसला. दिलदार मात्र हसला नाही. तो बैलाच्या वशिंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "समद्या गावाच्या दारात बैल. आमच्या दारात हल्या. पोरं मला नाव ठिवून हल्याच म्हणत्यात, बाबा. मिसरूड फुटल्यापासनं ऐकतोय."

मौलालीने मुलाकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या नजीराला बापाचं तोंड दिसत होतं. 'नाही' दातांपर्यंत आलं आणि माघारी गेलं. त्याने पुढे होऊन एका बैलाच्या खांद्यावर थाप मारली. बैल दचकून हातभर उडाला.

"हायत बरी," मौलाली म्हणाला.

जेवताना नजीराने भाकरी वाढली आणि तिथेच बसून राहिली. "बाबा, हे बैल फांदीला नकोत."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"चार माणसांत पोराचं मन मोडू न्हाई. दोन-चार दिस नुसती लाकडं वडू दे त्यास्नी. मग आकारामला धाडून रेडं आणतो. कळलं?"

तेवढे दिवस झाडावर कोण असणार, असं तिच्या ओठावर आलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बापाला उलटून बोलायची या घरात रीत नव्हती, आणि मऊ बोलणारा बाप असला की ती रीत अधिकच घट्ट बसते.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ती भाकरीची पाटी घेऊन रस्त्याला गेली. मुरगळलेल्या पायाला फडकं आवळून मौलाली वडावर चढला होता. बारक्या फांद्या उतरल्या होत्या. बैलांनी त्या ओढून गाडीजवळ नेल्या होत्या. सकाळ निभावली होती. आता रस्त्यावर आडवी पसरलेली मोठी फांदी राहिली होती, कणगीएवढी जाड. तिच्या जरा वरच्या बगलेत मौलाली बसला होता. कमरेचा दोर खोडाला वेढून पक्का बांधलेला, पाय फांदीच्या मुळाशी टेकलेले, फांदीचा दोर त्याच्या डोक्यावरच्या बेचक्यातून खाली आलेला.

"आकाराम," त्याने वरून हाक दिली. "बैल सोड. दोर चिंचंच्या बुंध्याला गुंडाळ, तीन येढं दे. हातानं सोडू सावकाश."

रस्त्याच्या कडेला हंबीरराव आणि कामावर देखरेख करणारा साहेबाचा माणूस सावलीत उभे होते. शर्यतीची जोडी कामाला जुंपली म्हणून गावातलीही दहा-वीस माणसं आली होती.

"हातानं सोडायचं तर सांज हुईल की," हंबीरराव म्हणाले. "मोटार थांबून राहणार व्हय तवर? का मौलाली, बैलांस्नी भ्यालास?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "हल्याची सवं लागलेली माणसं ती."

दिलदारने कासरा मुठीत आवळला. मान खाली घातली, आणि मग वर झाडाकडे बघितलं. नजीरा चिंचेखाली पाटी घेऊन उभी होती. वडाच्या पानांत बापाचं मुंडासं तेवढं दिसत होतं.

"जुंप," वरून आवाज आला.

दिलदारने बैल जुंपले. तोंडं झाडाच्या उलट दिशेला, दोर ताठ. वर कुऱ्हाड चालू झाली. ढलप्या पडत राहिल्या, पांढरा चीक टपकत राहिला. मौलालीने कुऱ्हाड अडकवली आणि शेवटचं कोयत्याने घेतलं.

फांदी सुटली तसा कडाका निघाला. शर्यतीच्या मैदानात असाच कडाका पाठीमागून निघतो, आसुडाचा, आणि तो ऐकला की धावायचं, एवढंच त्या जनावरांना जन्मभर शिकवलेलं. बैल उधळले. दिलदार कासऱ्यासकट फरफटत गेला. दोर बेचक्यातून सणसणत खाली आला, आणि जी फांदी खाली यायची ती वर गेली. बुंध्याच्या बाजूने वर गेली आणि बेचक्याखाली बसलेल्या माणसाला खोडाशी चिणून थांबली.

त्याला बाजूला होता आलं नाही. कमरेचा दोर त्याने स्वतः तपासलेला होता. तो तुटला नाही.

आकारामने वर चढून त्याला पाठीशी बांधून उतरवलं. भुईवर ठेवला तेव्हा श्वास नव्हता. नजीराने डोकं मांडीवर घेतलं आणि दाढीतली सालपटं एकेक करून काढू लागली. दुसरं काय करावं तिला कळत नव्हतं.

पाटील आला. "कसं झालं?"

दिलदारचे तळवे सोलून निघाले होते. ते त्याने छातीशी धरले होते. "पाय घसरला," तो म्हणाला.

"वय झालं व्हतं," हंबीरराव म्हणाले. "या वयात चढायचं म्हंजे."

पाटलाने आकारामकडे बघितलं. आकाराम हंबीररावांचं रान कसत होता. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं आणि त्यातच बघत राहिला. नजीराने मान वर केली. पाटलाने तिला विचारलं नाही.

दफन झालं, तिसऱ्याची फातिहा झाली, आणि तोवर ते दोन शब्द गावभर रुजले. पाय घसरला. बायका येऊन अमीरबीजवळ बसायच्या. कुणी म्हणायची, अल्लाची मर्जी. कुणी म्हणायची, नशिबात होतं. नजीराने वाचलेल्या पुस्तकांत नशीब फार वेळा येई, पण वडगावच्या बाजारात जाऊन बैल पसंत करणारं नशीब तिने कुठे वाचलं नव्हतं. ती पाहुण्यांना पाणी द्यायची आणि भांडी घासायला उठायची. भांडी इतकी घासली जात की राखेने तिच्या बोटांच्या कडा फाटल्या.

अमीरबी इद्दतीला बसली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आतल्या खोलीत बसून ती एकच गोष्ट उगाळायची.

"न खाता गेलतं त्ये. मी भाकर टाकतो म्हणालो तर म्हणालं, मागनं धाड. उपाशी चढलं, चक्कर आली आसंल, म्हणून पाय घसरला. मी हात धरून बशीवलं असतं तर?"

"आई, असं नाही ते."

"मग कसं?"

नजीरा उठून चुलीपुढे जायची. नवरा गेला, आता मुलाचं हे कानावर घालायचं? दाराशी दिलदार उभा असायचा. आईचं बोलणं तो ऐकायचा आणि गोठ्याकडे जायचा. त्याने एकदाही म्हटलं नाही की आई, तुझा दोष नाही.

त्याच्या हातांना फडकी बांधलेली, म्हणून बैलांचं शेणघाण नजीराकडे आलं. पाणी तीच दाखवायची. सरकी भिजवायची, उडदाची भरड कालवायची. बैलांचा तिला राग येत नव्हता. त्यांनी शिकवलं तसंच केलं होतं. पण घरात आई अर्ध्या भाकरीवर उठत होती आणि दिलदार बैलांसाठी अंडी आणत होता, ती फोडून भरडीत मिसळताना तिच्या मुठीत टरफलांचा चुरा व्हायचा.

"आपा, तेवढी शिंगं पुसून घे की," तो एकदा गोठ्याच्या दारातून म्हणाला. "हात बरं न्हाईत माझं."

तिने फडकं भिजवलं, पिळलं, आणि शिंगं पुसली. पिळताना फडकं मधोमध फाटलं.

पुढे त्याचे हात बरे झाले. संध्याकाळी तो बैल घेऊन माळावर जायचा. आसुडाचा कडाका घरापर्यंत ऐकू यायचा. पहिल्या दिवशी तो ऐकून नजीराच्या हातातलं पीठ सांडलं.

आकाराम चुलीसाठी पोतंभर ढलप्या घेऊन आला तेव्हा तिने त्याला गोठ्यामागे गाठलं. "काका, तुम्ही बघितलंत."

"बघितलं, पोरी."

"मग?"

"मग काय. ज्याचं रान कसायचं त्याच्या तोंडाला तोंड द्यायचं व्हय?" त्याने पोतं खाली ठेवलं. "चाळीसावा झाला की काम पुन्यांदा सुरू करायचं म्हणत्यात मालक. पाऊस तोंडावर हाय."

"चढणार कोण?"

"मीच की. दुसरं कोण हाय?"

"आणि खाली?"

"दिलदार. बैलं." त्याने खांदे उडवले. "मी नीट बांधून बसीन."

"बाबाही नीट बांधूनच बसले होते."

आकारामने पोतं पुन्हा उचललं. घरी त्याच्या चार लेकी होत्या. दोघी नजीराकडे शिकायला यायच्या.

मौलालीच्या चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी उभी राहिली. दिलदारने बैलांची शिंगं रंगवली होती. हंबीरराव घोड्यावरून उतरून कट्ट्यावर बसले होते. आठ-दहा माणसं जमली होती, काही कामाची, काही बघ्यांची.

"शर्यतीचं मैदान हुतंय म्हंत्यात पावसाच्या आत," एकजण म्हणाला. "ही जोडी न्हेणार व्हय?"

"न्हेणार की," हंबीरराव म्हणाले. "काम बी करंल आन् मैदान बी मारंल. मौलालीनं बघाय पायजे व्हतं."

आकारामने कमरेचा दोर खांद्यावर टाकला. तोच, मौलालीचा. दाराच्या फटीआडून अमीरबीचा आवाज आला.

"आकाराम भाऊ, काहीतरी खाऊन जावा. उपाशी चढू नका. त्ये तसंच गेलं आन् चक्कर आली."

दिलदार जुवाची दोरी आवळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "व्हय काका. आई म्हणती तसं खाऊन घ्या. चक्कर याय नको."

नजीराच्या हातात सरकीची पाटी होती. तिने ती खाली ठेवली. मग ती अंगण ओलांडून गाडीपाशी गेली आणि बैलांच्या पुढ्यात, जुवाला हात लावून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. मुलींना पाढे सांगताना लागतो तेवढाच होता.

"आई, बाबांना चक्कर आली नव्हती. त्यांचा पाय घसरला नव्हता."

दाराआड काहीतरी हललं.

"फांदी सुटली, तिचा आवाज झाला, आणि हे बैल पळाले. फांदी वर गेली आणि बाबा तिच्या आणि खोडाच्या मधे चिणले गेले. मी चिंचेखाली उभी होते. मी बघितलंय. तुझी भाकरी त्यात कुठेच नाही."

"आपा," दिलदार म्हणाला. "गप."

"दुक्कानं डोकं फिरलंय तिचं," हंबीरराव उठत म्हणाले. "घेऊन जावा कुणीतरी आत. पुस्तकं वाचून ह्ये असंच हुतंय बायकांचं."

"मालक, बाबा वरून सांगत होते बैल सोडा म्हणून. तुम्ही हसलात. पुस्तकात नाही वाचलं मी ते."

हंबीररावांनी चारी बाजूंना बघितलं. एरवी त्यांच्या बोलण्यावर हसणारी माणसं तिथेच होती. त्यातला एकजण बैलाच्या शिंगाचा रंग निरखू लागला.

"आज काका चढणार," नजीरा म्हणाली. "पुन्हा आवाज होणार. पुन्हा हे पळणार. मग तुम्ही पाटलाला काय सांगणार, त्यांचाही पाय घसरला?"

आकारामने खांद्यावरचा दोर काढला. तो नीट गुंडाळून गाडीच्या साटीत ठेवला आणि दाराकडे तोंड करून म्हणाला, "वैनी, पोर खरं बोलती. मी बी बघितलंय. मालक, रान काढून घ्या पायजे तर. ह्या जोडीवर मी चढत न्हाई."

हंबीरराव घोड्याकडे गेले. माणसं बाजूला झाली. घोडा गल्लीच्या वळणाआड गेला तरी कुणी हललं नाही.

दिलदार जुवाला धरून उभा होता. त्याचे ओठ वेडेवाकडे होत होते. "म्हंजे मी मारलं व्हय बाबास्नी? मी मारलं? त्येनीच सांगितलं जुंप म्हणून. समद्यांनी ऐकलंय. बाबाच म्हणालं, जुंप."

"हो," नजीरा म्हणाली. "तेच म्हणाले."

अमीरबीने दार थोडं उघडलं होतं. अंधारात तिची पांढरी ओढणी दिसत होती. नजीरा बोलली तेव्हा ती कुणाकडेच बघत नव्हती.

"बैल कसे आहेत ते त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. जेवताना मला म्हणाले, माहीत आहे मला. तरी तुझी मान चार माणसांत खाली जाऊ नये म्हणून झाडावर बांधून घेऊन जुंप म्हणाले. आई घरात होती. मी खाली उभी होते. आम्ही दोघी त्यांना आठवलो नाही. सगळं गाव सांगतंय, मौलाली फार चांगला माणूस होता. होता. मला त्यांचा राग येतो, दिलदार. तुझ्याहून जास्त त्यांचा येतो. मला बाबांचा राग येतो."